बारावीच्या वर्षी नाकारलेला कार्यक्रम

वाचकाचे पत्र : मी 68 वर्षांचा असून साताऱ्यातील एका माध्यमिक शाळेतून निवृत्त झालेला इतिहासाचा शिक्षक आहे. मुलगा इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमजवळ नोकरी करतो आणि येत्या उन्हाळ्यात आम्ही उभयता त्याच्याकडे जाणार आहोत. त्याने मला न विचारता ‘आयर्न मेडन’ या हेवी मेटल बँडच्या मैदानावरील कार्यक्रमाची दोन तिकिटे काढली आहेत, एक त्याचे आणि एक माझे. 2008 साली हाच बँड मुंबईत आला होता, तेव्हा तो बारावीला होता आणि मी त्याला जाऊ दिले नव्हते. तो विषय पुन्हा आमच्यात कधी निघाला नाही. माझे कान भीमसेनजी आणि वसंतराव यांच्या गाण्यावर पोसलेले आहेत. हे संगीत मला गोंगाट वाटतो, शिवाय त्यात सैतानाची चित्रे असतात. गुडघे दुखतात, मधुमेह आहे, डाव्या कानाला थोडे कमी ऐकू येते. या वयात हे शोभत नाही, असे पत्नीचे म्हणणे. मुलाचे मन राखण्यासाठी कानात कापूस घालून दोन तास काढावेत की स्पष्ट नकार द्यावा? गेलो तर त्या जुन्या नकाराबद्दल बोलावे का? आणि तिकिटाचे पैसे देऊ करावेत का?

उत्तर :

सर, नमस्कार.

तुम्ही अवश्य जा, मात्र कानात कापूस घालून मन राखण्यासाठी जाणार असाल तर त्यापेक्षा घरी नातवंडांशी पत्ते खेळत बसणे बरे. शेजारी बसलेला माणूस ऐकतो आहे की वेळ काढतो आहे, हे मुलाला पहिल्या दहा मिनिटांत कळते, आणि ज्या मुलाने ज्या घरात हे संगीत दार लावून ऐकले त्या घरातल्या माणसाच्या बाबतीत तर ते फारच लवकर कळते. त्याने तुम्हाला सोबतीला नेण्यासाठी तिकीट काढलेले दिसत नाही. सोबतीला त्याला तिथे मित्र मिळाले असते. आपल्याला जे इतकी वर्षे आवडत आले ते वडिलांनी एकदा नीट ऐकावे, एवढीच त्याची इच्छा असावी, असे तुमच्या पत्रावरून वाटते. ती पुरी करायची तर थोडी तयारी करावी लागेल. आवडले पाहिजे, अशी अट मात्र कोणीही घातलेली नाही.

प्रथम 2008 विषयी. 1 फेब्रुवारी 2008 या दिवशी मुंबईच्या वांद्रे-कुर्ला संकुलात झालेला तो कार्यक्रम साधा नव्हता. बँडच्या त्या वर्षीच्या जगदौऱ्याची सुरुवातच मुंबईपासून झाली होती, आणि गायक ब्रूस डिकिन्सन, जे व्यवसायाने वैमानिकही होते, बँड, कर्मचारी आणि सुमारे बारा टन सामान भरलेले बोइंग 757 विमान स्वतः चालवत होते. सतरा वर्षांच्या मुलाच्या दृष्टीने ते काय असेल याची कल्पना तुम्हाला आता येईल. दुसरीकडे बारावीची परीक्षा महिनाभरावर आली होती, आणि साताऱ्याहून एकट्या मुलाला रात्रीच्या कार्यक्रमासाठी मुंबईला पाठवायला त्या वेळी शंभरातले नव्वद पालक तयार झाले नसते. तुमच्या जागी मी असते तर मीही बहुधा नाहीच म्हटले असते. तेव्हा तो निर्णय चुकीचाच होता असे मानून क्षमा मागायला निघू नका. आणि तो बरोबरच कसा होता हे पटवून द्यायला तर मुळीच निघू नका. कार्यक्रमाच्या दिवशी हा विषय काढू नये, कारण त्या दिवशी मुलाला आनंद हवा असेल, हिशेब नको असेल. त्याच्या घरी पोहोचल्यावर पहिल्या-दुसऱ्या दिवशी, चहा घेताना, ‘तेव्हा तुला जाऊ दिले नाही, ते माझ्या लक्षात आहे’ एवढे एक वाक्य बोला आणि थांबा. पुढे त्याला बोलायचे असेल तर तो बोलेल, नसेल तर विषय तिथेच राहू द्या.

आता तयारी. सवाई गंधर्व महोत्सवाला पहिल्यांदा आलेल्या माणसाला आपण ‘आधी थोडा यमन ऐकून ये’ असे सांगतो, तसेच इथे आहे. अनोळखी संगीत प्रथमच, तेही प्रचंड आवाजात ऐकले तर कोणत्याही कानाला तो गोंगाटच वाटेल. म्हणून निघण्यापूर्वी रोज एक-दोन गाणी, मध्यम आवाजात, शब्द समोर ठेवून ऐका. कोणती ऐकावीत हे मुलालाच विचारा. फोनवर तो प्रश्न ऐकून त्याला जो आनंद होईल तो तिकिटाच्या किमतीहून कमी नसेल.

तुम्ही इतिहासाचे शिक्षक आहात, ही इथे मोठी सोय आहे. या बँडची अनेक गाणी पाठ्यपुस्तकातून उचलल्यासारखी आहेत. ‘द ट्रूपर’ हे गाणे क्रिमियन युद्धातील बालाक्लाव्हाच्या लढाईवर आहे. 25 ऑक्टोबर 1854 रोजी ब्रिटिशांच्या हलक्या घोडदळाने रशियन तोफांवर केलेला जो आत्मघातकी हल्ला तुम्ही वर्गात कधीतरी सांगितला असेल, तोच. हे गाणे सुरू झाले की डिकिन्सन जुन्या ब्रिटिश सैनिकाचा लाल कोट घालून रंगमंचावर मोठा ब्रिटिश झेंडा फिरवतात, आणि बास गिटार व ढोल मिळून घोड्याच्या दौडीचा ठेका धरतात: एक लांब ठोका, मागोमाग दोन आखूड, पुन्हा लांब. ही दौड या बँडची ओळखच आहे, आणि ती मुख्यतः बास गिटार वाजवणारे स्टीव्ह हॅरिस यांच्या बोटांतून येते. ते बासच्या तारा नखीने न छेडता नुसत्या बोटांनी वाजवतात. संपूर्ण कार्यक्रमात कशाकडे लक्ष द्यावे हे सुचेनासे झाले की त्यांच्या उजव्या हाताकडे पाहा. अमेरिकेतील मूळ रहिवाशांच्या संहारावरचे एक गाणे आहे, सिकंदरावरचे एक आहे, आणि कोलरिजच्या 1798 साली प्रसिद्ध झालेल्या वृद्ध खलाशाच्या दीर्घकवितेवर बेतलेले, 1984च्या ध्वनिमुद्रिकेवरील तेरा मिनिटांहून अधिक लांबीचे एक गाणे आहे. पक्षी मारल्याच्या पापाने शापित झालेल्या जहाजाची ती कथा मध्येच थांबते, वाद्ये जवळजवळ गप्प होतात, लाकूड कुरकुरल्याचा आवाज तेवढा येतो आणि मग पुन्हा हळूहळू सगळे उभे राहते. विलंबित ख्याल धीराने ऐकणाऱ्याला हे गाणे जड जाऊ नये. माझ्या मते तुम्ही सुरुवात इथूनच करावी.

एका गोष्टीपाशी मात्र तुमचा कान अडखळेल. या बँडमध्ये दोन, आणि 1999 नंतर तीन गिटारवादक आहेत, आणि त्यांतले दोघे पुष्कळदा एकच चाल एकाच वेळी वेगवेगळ्या स्वरांवरून वाजवतात. एकाचा सूर जिथे असतो त्याच्या दोन पायऱ्या वर दुसऱ्याचा. आपल्याकडे साथीची सारंगी किंवा संवादिनी गायकाच्या मागून त्याच सुरांवर जाते, त्यामुळे हा प्रकार पहिल्यांदा थोडा उपरा वाटतो. तीन-चार वेळा ऐकल्यावर त्या दोन ओळी वेगळ्या ऐकू येऊ लागतात, आणि एकदा त्या वेगळ्या ऐकू आल्या की गोंगाट हा शब्द निदान या बँडपुरता तुम्ही मागे घ्याल, असे मला वाटते. गायन तर स्पष्टच असते. खर्जातला गुरगुराट या बँडमध्ये नाही. डिकिन्सन तार सप्तकात, मोकळ्या गळ्याने, शब्द नीट उच्चारून गातात. 2015 च्या सुमारास त्यांच्या जिभेच्या मुळाशी झालेल्या कर्करोगावर उपचार झाले आणि त्यानंतरही ते याच पट्टीत गात आहेत, हे ध्यानात ठेवून ऐका.

शोभत नाही, या मुद्द्यावर फार शब्द खर्च करण्याचे कारण नाही. हॅरिस यांचा जन्म 1956 चा, डिकिन्सन यांचा 1958 चा. म्हणजे रंगमंचावर जे दोन तास धावणार आहेत ते तुमच्याच वयाचे आहेत. हॅरिस यांनी हा बँड 1975 च्या नाताळात पूर्व लंडनमध्ये सुरू केला, त्यामुळे त्यांचे पहिले श्रोते आज आजोबा झाले आहेत. मैदानावर तुम्हाला पांढऱ्या केसांची, जुन्या दौऱ्यांचे विटलेले काळे टी-शर्ट घातलेली माणसे मुलांना आणि नातवंडांना घेऊन आलेली दिसतील. तिथे तुम्ही वेगळे दिसलात तर ते वयामुळे नव्हे, इस्त्रीच्या शर्टामुळे दिसाल. हे सगळे वहिनींना सांगा. आणि त्यांना यायचे नसेल तर आग्रह करू नका.

सैतानाचा प्रश्न थोडा गंभीरपणे घ्यायला हवा, कारण तो तुमच्या आधी अनेकांना पडला आहे. 1982 साली या बँडच्या तिसऱ्या ध्वनिमुद्रिकेच्या नावात बायबलमधील श्वापदाचा उल्लेख आला आणि अमेरिकेत काही ख्रिस्ती गटांनी त्यांच्या ध्वनिमुद्रिका जाळल्या. प्रत्यक्षात त्याच नावाच्या गाण्याचे मूळ हॅरिस यांना एक भयपट पाहिल्यानंतर पडलेल्या दुःस्वप्नात होते. सांगाड्यासारखा जो राक्षसी चेहरा तुम्ही मुलाच्या भिंतीवर पाहिला असेल तो ‘एडी’, म्हणजे बँडची ओळख बनलेले एक काल्पनिक पात्र. कार्यक्रमात तो माणसाच्या दुप्पट उंचीचा होऊन रंगमंचावर येतो, वादकांशी झटापट करतो, आणि लहान मुले त्याला पाहून खूष होतात. आपल्या दशावतारी खेळातला संकासुर पाहिलेल्या माणसाने त्याला घाबरू नये. तर्जनी आणि करंगळी उभारून केलेली शिंगांची खूण हजारो हातांनी केलेली दिसेल. ती लोकप्रिय केली रॉनी जेम्स डिओ या गायकाने, 1979 मध्ये ‘ब्लॅक सॅबथ’ या बँडमध्ये आल्यानंतर, आणि ती त्याने उचलली होती आपल्या इटालियन आजीकडून, जी दृष्ट लागू नये म्हणून तशी बोटे करत असे. मीठमोहऱ्या ओवाळणाऱ्या घरात वाढलेल्या आपल्याला यात नवीन काही वाटू नये.

ब्लॅक सॅबथचे नाव निघालेच आहे, तर एक गोष्ट आवर्जून करा. मुलगा बर्मिंगहॅमजवळ राहतो, म्हणजे या संगीताच्या माहेरीच. हा बँड 1968 मध्ये त्या शहरात उभा राहिला. त्याचा गिटारवादक टोनी आयोमी पत्र्याच्या कारखान्यात काम करत असे. सतराव्या वर्षी, कामाच्या शेवटच्या दिवशी, यंत्रात त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके गेली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबण्याची बोटे नेमकी तीच. कारखान्यातील एका वरिष्ठाने त्याला जँगो राइनहार्ट या जिप्सी गिटारवादकाची ध्वनिमुद्रिका ऐकवली, जो आगीत हात भाजल्यावर दोनच बोटांनी वाजवत असे. मग आयोमीने प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणे केली, त्यांवर चामडे चिकटवले, आणि दाबायला सोप्या जाव्यात म्हणून हलक्या तारा लावल्या. पुढे त्या तारा सैल करून त्याने सूरही खाली उतरवला, आणि हेवी मेटलचा तो जड, खालचा नाद त्यातून घडत गेला. शहरातल्या ब्रॉड स्ट्रीटवरील कालव्याच्या पुलाला आता या बँडचे नाव दिले आहे आणि तिथे चौघांच्या चेहऱ्यांचे बाकडे आहे. जुलै 2025 मध्ये गायक ओझी ऑस्बर्न यांचे निधन झाले तेव्हा लोकांनी त्याच बाकड्यापाशी फुलांचे ढीग रचले. त्याआधी अडीच आठवड्यांपूर्वीच त्यांनी बर्मिंगहॅमच्या व्हिला पार्क मैदानावर अखेरचे गायन केले होते. कार्यक्रमाच्या आधी एखाद्या दुपारी मुलाला म्हणा, ‘मला ते बाकडे दाखव.’

आता कानांविषयी, आणि इथे मी थोडी कठोर होणार आहे. कापूस नको. कापसाने आवाज फारसा अडत नाही, केवळ आपण काळजी घेतली असे समाधान मिळते. कामाच्या ठिकाणच्या आवाजासाठी तज्ज्ञ असा हिशेब करतात की 85 डेसिबलचा आवाज आठ तास सोसता येतो आणि पुढे दर 3 डेसिबलला ही मुदत निम्मी होते. या हिशेबाने 100 डेसिबलला जेमतेम पंधरा मिनिटे मिळतात. जागतिक आरोग्य संघटनेने 2022 मध्ये संगीताच्या ठिकाणांसाठी जी मानके दिली, त्यांतही पंधरा मिनिटांच्या सरासरीची कमाल मर्यादा 100 डेसिबल आहे, आणि श्रोत्यांना कानात घालायची बोंडे मिळावीत असेही त्यात म्हटले आहे. तुमचा कार्यक्रम दोन तासांचा. म्हणून संगीतासाठी बनवलेली, आत चाळणी असलेली रबरी बोंडे मुलाला मागवून ठेवायला सांगा. ती सगळे स्वर सारख्याच प्रमाणात खाली आणतात, त्यामुळे गाणे तेच राहते, फक्त आवाज कमी होतो. फोमची स्वस्त बोंडेही सुरक्षित असतात, पण ती वरचे स्वर अधिक खातात आणि ऐकणे घोंगडीखालून आल्यासारखे होते. फोमचे बोंड बोटांत वळून बारीक करायचे, दुसरा हात डोक्यामागून नेऊन कानाचा वरचा भाग वर आणि मागे ओढायचा, बोंड आत सरकवायचे आणि ते फुगेपर्यंत बोटाने धरून ठेवायचे. हे घरी चार-पाच वेळा करून पाहा. डाव्या कानाला कमी ऐकू येते म्हणून त्याला संरक्षण नको, असे समजू नका. उरलेले ऐकणे जपायचे असते. निघण्यापूर्वी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून तपासून घ्या, आणि श्रवणयंत्र वापरत असाल तर कार्यक्रमात त्याचे काय करायचे हेही त्यांनाच विचारा. दुसऱ्या दिवशी कानात शिटी वाजत राहिली तर दुर्लक्ष न करता डॉक्टरांना दाखवा.

गुडघ्यांसाठी पहिला प्रश्न असा की तिकीट बसण्याचे आहे की उभ्याचे. हे मुलाला आजच विचारा, आणि उभ्याचे असेल तर संकोच न करता आपली अडचण सांगा, कारण तिकडे बहुतेक ठिकाणी अपंग आणि ज्येष्ठ श्रोत्यांसाठी उंच चौथरा किंवा खुर्च्यांची सोय असते, पण त्यासाठी आधी अर्ज करावा लागतो. आयत्या वेळी दारात काही होत नाही. तशी सोय न मिळाल्यास मैदानाच्या मध्यभागी ध्वनिनियंत्रकाचा जो चौक असतो त्याच्या कठड्याला टेकून उभे राहा. संपूर्ण आवाजाचा तोल त्या जागी बसलेला माणूस आपल्या कानाने ठरवत असतो, त्यामुळे ऐकायलाही याहून चांगली जागा नाही. पुढच्या भागात तरुण मंडळी गोल करून एकमेकांना धडका देत फिरतात. मारामारीसारखे दिसले तरी कोणी पडला की आजूबाजूचे त्याला तत्काळ उचलतात, असा त्यांचा अलिखित नियम आहे. तरी तुम्ही तिकडे जायचे नाही. मुलाला जावेसे वाटले तर त्याला तीन-चार गाण्यांसाठी मोकळे सोडा आणि परत भेटायची जागा ठरवून ठेवा. अठरा वर्षांपूर्वी ज्याला जाऊ दिले नाही त्याला आता स्वतः ‘जा’ म्हणण्याची ही संधी आहे, आणि मला वाटते तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे खरे उत्तर चहाच्या वाक्याहून अधिक यातच आहे.

मधुमेहाच्या गोळ्या मूळ वेष्टनात, डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसह खिशात ठेवा. बाहेरचे खाणे सहसा आत नेऊ देत नाहीत, पण वैद्यकीय कारण असल्यास बिस्किटे नेता येतील का, हे त्या ठिकाणाच्या नियमांत पाहून ठेवा. मोठ्या पिशव्या आणि छत्र्या बहुधा अडवतात, म्हणून घडीचा रेनकोट आणि एक स्वेटर घ्या. जुलैत तिकडे रात्री नऊपर्यंत उजेड असतो आणि त्यानंतर गारठा पडतो. मुख्य बँडच्या आधी एक-दोन बँड वाजवतात, तेव्हा सगळा वेळ उभे राहण्याची गरज नाही. ध्वनिक्षेपकांवर ‘यूएफओ’ या बँडचे ‘डॉक्टर डॉक्टर’ हे जुने गाणे लागले आणि लोक एकदम गाऊ लागले की समजा, आता हे येत आहेत. जेवण आणि स्वच्छतागृह त्यापूर्वी उरकलेले असावे. शेवटी एक विनोदी इंग्रजी गाणे लागते, शीळ घालत म्हटलेले. ते लागले की कार्यक्रम संपला, पुन्हा कोणी येणार नाही. मोबाइलवर चित्रण करत बसू नका. 2025 मध्ये सुरू झालेल्या पन्नाशीच्या दौऱ्यात बँडच्या व्यवस्थापनानेच श्रोत्यांना फोन शक्यतो खिशात ठेवण्याची विनंती केली होती.

राहिला पैशांचा प्रश्न. तिकिटाचे पैसे देऊ करू नका. मुलाने दिलेल्या गोष्टीची किंमत विचारणे त्याला लागेल. खर्च करायचाच असेल तर तिथे त्या दौऱ्याचे टी-शर्ट विकायला असतात, ते दोघांसाठी तुमच्या पैशांनी घ्या. आत शिरल्यावर लगेच घ्या, कारण नंतर रांग लांबते आणि लहान मापे संपतात. आणि तिकडची मापे आपल्यापेक्षा मोठी असतात, तेव्हा नेहमीपेक्षा एक माप कमी मागा.